पेस्ट कंट्रोलचा धंदा : विमा आणि माणसांची सुरक्षा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या पेस्ट कंट्रोल व्यावसायिकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच विषयावर दोघा-तिघांनी विचारले असेल, तर ते एकत्र केले आहे.

प्रश्न : माझ्याकडे सहा कामगार आहेत. सगळ्यांचा बँकेतला 20 रुपयांचा अपघात विमा काढला आहे, शिवाय एका कंपनीची ग्रुप अपघात पॉलिसीही आहे. एजंट म्हणतो, कर्मचारी भरपाईची पॉलिसी वेगळी घ्या. एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे का भरायचे?

या दोन गोष्टी एक नाहीत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये देते. ते पैसे कामगाराच्या घरच्यांचे. ग्रुप अपघात पॉलिसीचेही तसेच. यातल्या कशानेही मालक म्हणून तुमच्यावर असलेली कायदेशीर जबाबदारी फिटत नाही. ती जबाबदारी 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याने घातली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. भरपाई मोजण्याची पद्धत मात्र तीच राहिली.

हिशेब करून बघा. मृत्यू झाल्यास मासिक पगाराचा 50 टक्के भाग वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के. पगार कितीही असला तरी हिशेबाला 15,000 रुपयांपर्यंतच धरतात, ही मर्यादा जानेवारी 2020 पासूनची. 30 वर्षांच्या कामगाराचा गुणक 207.98. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15,59,850 रुपये. फवारणीत औषध उडून एका डोळ्याची दृष्टी गेली, तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असे धरतात. त्याच कामगाराचे, पूर्ण अपंगत्वाच्या भरपाईचे 30 टक्के म्हणून, ते 5,61,546 रुपये होतात. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. दंडाची रक्कम विमा कंपनी देत नाही, ती तुमच्याच खिशातून जाते.

आता पॉलिसी घेताना काय बिघडते ते सांगतो. प्रीमियम वाचवायला पगार कमी दाखवतात. देतात 18,000 आणि लिहितात 9,000. कंपनी जाहीर केलेल्या पगारावर हिशेब करूनच पैसे द्यायला तयार होते. वरच्या उदाहरणात कंपनी 9,35,910 रुपयांवर थांबली, तर उरलेले 6,23,940 तुम्ही द्यायचे. कामाचे वर्णन हा दुसरा घोळ. ‘ऑफिस स्टाफ’ किंवा ‘हाउसकीपिंग’ लिहिले की दर कमी लागतो, पण दाव्याच्या वेळी ‘कीटकनाशक फवारणी करणारा’ माणूस त्या पॉलिसीत सापडतच नाही. वर्णनात फवारणी, वाळवीसाठी ड्रिलिंग, उंचीवरचे काम, करत असाल तर धुरीकरण (विषारी वायूने कीड मारणे), हे सगळे शब्दांनी लिहून घ्या. पावसाळ्यात वाळवीची कामे वाढली की रोजंदारीवर दोन पोरे घेतली जातात. त्यांची जबाबदारीही तुमचीच. म्हणून नावांची यादी जोडलेली पॉलिसी न घेता कामगारांची संख्या आणि एकूण पगार यांवर चालणारी घ्या. वर्षअखेर प्रत्यक्ष पगारपत्रक देऊन प्रीमियमचा फरक मिटवता येतो.

मूळ पॉलिसीला तीन जोडण्या (जादा संरक्षणाची कलमे) मागून घ्या: दवाखान्याचा खर्च, व्यवसायजन्य आजार आणि ठेकेदाराचे कामगार. पहिलीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च देणे मालकाला बंधनकारक आहे, पण मूळ पॉलिसीत तो बहुधा नसतो किंवा अगदी तुटपुंज्या मर्यादेत असतो. विषबाधेत अतिदक्षता विभागातले चार दिवसही लहान व्यावसायिकाला झेपत नाहीत.

कामगार दहा झाले की ईएसआयसी, म्हणजे सरकारची कर्मचारी राज्य विमा योजना, लागू होते. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के. त्यात आलेल्या कामगाराची अपघाताची भरपाई ईएसआयसी देते. ज्यांचा पगार त्या मर्यादेच्या वर आहे, त्यांच्यासाठी तुमची पॉलिसी चालूच ठेवावी लागते.

आणखी एक. दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर घरच्यांच्या हातात परस्पर रोख देऊन ‘मिटवलं’ असे समजू नका. मृत्यूची भरपाई कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. तातडीची मदत म्हणून तीन महिन्यांच्या पगारापर्यंत आगाऊ देता येते, तेवढीच वजा होते. विमा कंपनीला न विचारता तडजोड केली, तर तीही हात वर करू शकते.

प्रश्न : जुन्या सोलापुरातल्या वाड्यात वाळवीचे काम करताना शहाबादी फरशीला भोके पाडली. खाली हौद होता, त्यात औषध उतरले. घरमालक हौद साफ करण्याचा खर्च आणि भरपाई मागतो आहे. कर्मचारी भरपाईची पॉलिसी आहे. यातून मिळेल का?

नाही. ती फक्त तुमच्या माणसांसाठी असते. तिऱ्हाइताच्या जिवाचे किंवा मालमत्तेचे नुकसान सार्वजनिक दायित्वाच्या पॉलिसीत येते. ही पॉलिसी आणि 1991 च्या कायद्याखालचा सार्वजनिक दायित्व विमा यांत गल्लत होते. तो 1991 चा विमा धोकादायक रसायनांचे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठे साठे करणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला हवी ती नेहमीची व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी.

ती घेताना चार ठिकाणी बोट ठेवून वाचा. एका अपघाताची मर्यादा किती आणि वर्षाची मिळून किती, हे पहिले. ‘10 लाख’ एवढेच ऐकून थांबू नका. दुसरे, ही पॉलिसी बहुधा ‘दावा ज्या काळात दाखल झाला’ त्या काळावर चालते. मध्ये खंड पडू दिला तर जुन्या कामाचा दावा कुठल्याच पॉलिसीत बसत नाही, म्हणून नूतनीकरणात पूर्वलक्षी तारीख (ज्या तारखेपासूनची कामे धरली जातात ती) तीच ठेवून घ्या. तिसरे, प्रदूषणाचा अपवाद. तुमच्या हौदाचा प्रश्न इथेच अडतो. ‘अचानक आणि अपघाताने झालेले प्रदूषण’ ही जोडणी नसेल, तर पाण्यात उतरलेले औषध हे प्रदूषण म्हणून दावा नाकारता येतो. चौथे, ज्या वस्तूवर तुम्ही काम करत आहात किंवा जी तुमच्या ताब्यात दिली आहे तिचे नुकसान अनेकदा वगळलेले असते. आणि वाळवी पुन्हा आली म्हणून ग्राहकाने मागितलेले पैसे या पॉलिसीतून कधीच मिळत नाहीत. ती तुमच्या हमीची बाब आहे.

पण हौदात औषध उतरूच नये यासाठी काय करायचे, हे विम्याहून महत्त्वाचे आहे. बांधलेल्या घरात भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत 12 मिमीची भोके 30 सेंमी अंतराने पाडतात आणि प्रत्येक भोकात जास्तीत जास्त 1 लिटर द्रावण सोडतात. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असेल तर 1 लिटर पाण्याला 2.1 मिली. माती भरीव असेल तर द्रावण हळूहळू जिरते, मग भोकाच्या तोंडाशी वर येऊन थांबते. नोझल लावल्यावर द्रावण घटाघटा जात राहिले, पंपाच्या दांड्याला दाबच लागेना आणि लिटर संपले तरी तोंडाशी काही दिसेना, तर खाली पोकळी आहे असे समजून तिथेच थांबा. ती पोकळी हौद असेल, धान्याचे जुने बळद असेल, फुटकी मोरी असेल. आणखी औषध ओतून ती भरायची नसते.

काम सुरू करण्याआधी घरातल्या वयस्कर माणसाला विचारा: हौद कुठे, आड बुजवलाय का, बोअर कुठे, नळाची जुनी लाइन कुठून जाते. हातोडीच्या दांड्याने फरशी वाजवून बघा, पोकळ आवाज येतो तिथे खडूने फुली मारा. हौद-आडाच्या कडेने भोके पाडू नका, तिथे फक्त लाकडावर ब्रशने काम करा. मेन स्विच बंद करून भिंतीतल्या वायरिंगचा अंदाज घ्या. ड्रिलसाठी लागणारी वीज 30 मिलिअँपिअरच्या ट्रिपरमधूनच (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधूनच) घ्या, कारण ओल्या फरशीवर ओल्या हातांनी ड्रिल धरलेले असते. हे सगळे एका कागदावर उतरवून मालकाची सही घ्या. ‘हौद नाही’ असे त्याने लिहून दिलेले असेल, तर पुढे दाव्यात त्या कागदाचे वजन मोठे असते.

आता झालेच आहे तर: हौदाचा पंप आणि नळ ताबडतोब बंद करायला सांगा, पिण्या-वापरण्याचे पाणी दुसरीकडून द्या. तळाचे पाणी उघड्या गटारात सोडू नका. हौद घासून धुतल्यावर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासूनच वापर सुरू होऊ द्या. फोटो, बिले आणि औषधाच्या बाटलीचा बॅच नंबर जपा.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये आमची पोरे मास्क, हातमोजे घालत नाहीत. 42-43 अंशांत जीव गुदमरतो म्हणतात. सक्ती करावी तर काम सोडून जातात. काय करावे?

पोरे खोटे बोलत नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीत रबरी साहित्य घालून काम करणे खरोखर असह्य असते. म्हणून आधी कामाची वेळ आणि पद्धत बदला.

उन्हाळ्यात फवारणी सकाळी 6 ते 10 मध्ये उरका. दुपारी तपासणी, कोटेशन आणि जेलची कामे ठेवा. झुरळांसाठी स्वयंपाकघरात फवारणीची गरजच बहुतेक वेळा नसते. इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के जेलचे बारीक ठिपके बिजागऱ्या, सिंकखालचे सांधे, फ्रिजच्या मोटरजवळ लावले की काम भागते. हवेत काही उडत नाही, मास्कचा प्रश्न मिटतो. फवारा मारून वर जेल लावू नका. फवाऱ्याच्या वासाने झुरळे जेलला तोंड लावत नाहीत.

जिथे फवारणी करायचीच आहे तिथे साहित्य योग्य हवे. धुळीसाठीचा कापडी किंवा एन-95 मास्क औषधाची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज (वाफ शोषणारी डबी) आणि वर धूलिकणांचा फिल्टर असलेला अर्धमुखी रेस्पिरेटर लागतो. तो घातल्यावर कार्ट्रिज तळहातांनी झाकून श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला आणि बाजूने हवा आली नाही तर ठीक. दाढी वाढलेली असेल तर तो कधीच नीट बसत नाही. काम झाले की कार्ट्रिज हवाबंद पिशवीत ठेवा. उघडी टांगून ठेवली तर ती गोदामातली वाफ शोषत राहते आणि कामावर जाईपर्यंत निम्मी संपलेली असते. मास्क घालूनही वास आला तर कार्ट्रिज लगेच बदला, तारखेची वाट बघू नका.

हातमोजे नायट्राइलचे, जाडसर. कातडी किंवा कापडी मोजे औषध शोषून हाताला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात लवकर तरी धुतला जातो. पँट बुटांच्या बाहेर, आत खोचायची नाही. छताकडे फवारताना हातमोजे बाहीच्या वर घेऊन टोक दुमडा, म्हणजे ओघळ कोपराकडे जात नाही. सर्वांत धोक्याचा क्षण फवारणीचा नाही, औषध मोजून पंपात घालण्याचा असतो, कारण तेव्हा ते निखळ असते. अंगभर साहित्य कोणी घालत नसेल, तरी त्या पाच मिनिटांसाठी चष्मा, मोजे आणि ॲप्रन यांवर अजिबात तडजोड करू नका. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकायचे नाही, पंपासोबत मऊ ब्रश बांधून ठेवा. घामाने ओली कातडी औषध जास्त शोषते, म्हणून उन्हाळ्यात जास्तीचा शर्ट-पँटचा जोड सोबत द्या आणि कामाचे कपडे घरच्या धुण्यात जाऊ देऊ नका.

कीटकनाशक नियम, 1971 मध्ये फवारणी करणाऱ्यांची कामावर घेण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. क्लोरपायरिफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस औषधे किंवा कार्बामेट वापरत असाल, तर रक्तातील कोलिनएस्टरेजची (ही औषधे ज्याला दाबतात त्या घटकाची) तपासणी दरमहा. पहिली तपासणी काम सुरू होण्याआधी होणे फार गरजेचे आहे. मूळ आकडा माहीत नसेल तर नंतर तो घसरला की नाही हे कळणार कसे? याच नोंदी व्यवसायजन्य आजाराच्या दाव्यातही कामी येतात.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, लाळ सुटली, घाम फुटला, स्नायू फडफडू लागले, तर ऊन लागले म्हणून सरबत देत बसू नका. ऊन लागलेल्याच्या बाहुल्या अशा होत नाहीत. काम थांबवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा, 108 ला फोन करा. दूध पाजू नका, उलटी करवू नका. औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो डॉक्टरांच्या हातात द्या, कारण ऑर्गॅनोफॉस्फरसला उतारा म्हणून ॲट्रोपिन चालते तसे सगळ्याच औषधांना चालत नाही. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक डॉक्टरांनाही सल्ला देतो. तो प्रत्येक पंपावर चिकटवून ठेवा.

प्रश्न : एका डाळ मिलच्या गोदामात गोळ्यांची धुरी द्यायची आहे. माझ्याकडे पेस्ट कंट्रोलचा परवाना आहे, पण गोळ्यांची वेगळी मान्यता नाही. ओळखीच्या परवानाधारकाच्या बिलावर काम केले तर विमा लागू होईल का?

हे काम घेऊ नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइड हे मर्यादित वापराचे औषध आहे. सरकार, सरकारी उपक्रम आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे पेस्ट कंट्रोल व्यावसायिक यांच्यापलीकडे ते जाऊ नये, असा नियम आहे. त्यासाठी मान्य संस्थेतले प्रशिक्षण आणि केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांची मान्यता लागते. दुसऱ्याच्या बिलावर काम केल्यास तुमच्या पॉलिसीच्या दृष्टीने ते बेकायदा काम, आणि त्याच्या पॉलिसीच्या दृष्टीने ते करणारी माणसे त्याची नव्हेतच. दोन्ही बाजूंनी दावा पडतो.

आणि इथे चूक झाली तर परत फिरायला वाव नसतो. 3 ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याने 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. या वायूवर उतारा नाही. लसणासारखा किंवा कार्बाइडसारखा वास येतो खरा, पण वास न येताही हवेत घातक प्रमाण असू शकते. म्हणून नाकावर विसंबायचे नाही, वायू मोजणारा मीटर लागतो. कामाच्या ठिकाणी 0.3 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 0.3 भाग) वर वायू असला तर माणूस आत असता कामा नये.

धुरीकरणात माणसे दगावतात ती बहुतेकदा गोदामाच्या आत नाही, शेजारी. थप्पी ताडपत्रीने झाकून कडेने वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या असतात, पण भिंतीपलीकडच्या खोलीत रखवालदार कुटुंबासह झोपलेला असतो. फॉस्फिन भिंतीच्या बारीक भेगांतून, विजेच्या पाइपातून पलीकडे जातो. भिंतीला भिंत लागून कोणी राहत असेल तर पाच ते सात दिवस ती खोली रिकामी झाली पाहिजे. होत नसेल तर धुरी नाही. राहत्या घरात, लॉजच्या खोलीत ढेकणांसाठी या गोळ्या कोणी मागितल्या तर सरळ नकार द्या.

मिल मालकाला हे काम मान्यताधारकाकडूनच करून घ्यायला सांगा. तेव्हा किमान दोन माणसे, पूर्णमुखी गॅस मास्क, मीटर, कुलूप आणि मराठी-हिंदीतला धोक्याचा फलक आहे का, हे मालकाने स्वतः पाहावे. गोळ्या ओल्या झाल्या किंवा एका जागी ढीग केल्या तर पेट घेतात. उरलेली भुकटी उघड्यावर, साबणाच्या पाण्यात थोडी थोडी टाकून निकामी करतात. बंद डब्यात कधीच नाही.

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग कारखान्यात डासांसाठी थर्मल फॉगिंग मागतात. करावे का?

बंद शेडमध्ये नको. या मशीनमध्ये डिझेलचा बारीक धूर गरम नळीतून बाहेर पडतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये तुळयांवर, दिव्यांवर, मोटरींवर कापसाचे तंतू साठलेले असतात, आणि नळीतून एखादा जळता थेंब उडाला तरी ते क्षणात पेटतात. सुताचे गोदाम जळाले तर 10 लाखांची दायित्व पॉलिसी कुठेच पुरत नाही. शेडबाहेरची गटारे, टाक्या आणि टायरांमधले पाणी आधी मोकळे करा. आत मागबंद काळात, मेन स्विच काढून, पाण्यात मिसळणाऱ्या औषधाची भिंतींवर फवारणी करा.

प्रश्न : दावा नाकारला आहे. कोर्टात जावे लागेल का?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. सोलापूर त्यांच्याच अखत्यारीत आहे. फी नाही, वकील लागत नाही. एकल मालकीचे आणि सूक्ष्म उद्योगही तिथे दाद मागू शकतात. मर्यादा 50 लाख रुपये, मुदत कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्ष. सोबत पॉलिसीची पूर्ण प्रत, अपघाताच्या दिवशी चालू असलेला परवाना, त्या दिवसाचे कामाचे कार्ड, पगारपत्रक आणि कंपनीला पहिल्यांदा कळवल्याचा पुरावा जोडा. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र विसरू नका, सूक्ष्म उद्योग असल्याचा तोच दाखला आहे.